कंपौंडरसाहेबांचा चष्मा

पिंगळीच्या सरकारी दवाखान्यातल्या कंपौंडरसाहेबांना मराठी नीट बोलता येत नसे, आणि गप्प बसायला तर त्याहून येत नसे. माणूस निजामाबादकडचा, घरची बोली तेलुगू, शिक्षण उर्दूत आणि नोकरी आमच्या परभणी जिल्ह्यात. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण हैदराबाद स्टेट अजून अखंड होतं, त्यामुळे कुठलाही माणूस कुठेही नेमला जायचा. डॉक्टर आठवड्यातून एकदा परभणीहून गाडीने यायचे, दोन तास बसायचे आणि परतीच्या गाडीने निघायचे. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे कंपौंडरसाहेबच.

मराठीतली बाई आणि बुवा हा घोळ त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही. "पाटील आली का?" "म्हातारी, तू पुन्हा तंबाखू खाल्ला?" "सुई बोथट झाला." बाकावर बसलेले रोगी आपलं दुखणं विसरून खिदळायचे. माझ्याशी बोलताना मात्र ते कधी चुकले नाहीत. आली, गेली, बसली, सगळं जिथल्या तिथे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तेवढा एक पाठ केला."

मी कोण, ते सांगते. स्टेशनाच्या पलीकडे लिंबाच्या झाडाखाली आमचं घर होतं. गाव त्याला हिजड्यांचं घर म्हणायचं, आम्ही डेरा म्हणायचो. आमची गुरू, तिला सगळ्याजणी अम्मा म्हणत, आणि आम्ही पाच चेल्या. मूल जन्मलं, लग्न लागलं की त्या घरी जाऊन नाचायचं, आशीर्वाद द्यायचा. माझं गाव वालूरकडचं. सोळाव्या वर्षी घर सोडलं, ते का सोडलं हे सांगत बसत नाही. घर सोडणाऱ्या आमच्यासारख्यांची कारणं साधारण सारखीच असतात. डेऱ्यात लिहिता-वाचता येणारी मी एकटी होते आणि त्याचा मला बराच माज होता.

कंपौंडरसाहेब ठेंगणे, काळेसावळे, डोक्याला पांढरा रुमाल आणि डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. चष्मा काढला की हातभर अंतरापलीकडचं जग त्यांच्यासाठी पुसलं जायचं. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. सुई, नळी, कात्री उकळत टाकली की ते मोठ्याने तेलुगू पाढे म्हणायला लागायचे. "रेंडु ओकट्ल रेंडु, रेंडु रेंड्ल नालुगु..." दोनापासून विसापर्यंत सगळे पाढे संपले की सुई उकळली. मध्येच कुणी बोललं तर पुन्हा दोनापासून सुरुवात. त्यामुळे त्यांचे पाढे चालू असताना दवाखान्यात टाचणी पडली तरी ऐकू यायची, आणि पिंगळीतल्या निम्म्या लोकांना तेलुगू पाढे फुकटात पाठ झाले.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे हजेरी. जखमेला एकदा पट्टी बांधली की तो माणूस त्यांचा झाला. आठव्या दिवशी यायचं म्हणजे यायचं. न आलेल्याच्या दारात जाऊन ते उभे राहायचे. एकदा एक धनगर लंगडी मेंढी घेऊन आला. "मी माणसांचा कंपौंडर आहे," म्हणून साहेबांनी आधी तासभर भांडण केलं, मग तिच्या खुरातला काटा काढला, पट्टी बांधली आणि रोग्यांच्या वहीत लिहिलं: मेंढी, वय तीन, तक्रार पाय. आठव्या दिवशी धनगर आला नाही. साहेब त्याच्या वाड्यावर गेले.

"मेंढी किधर है?"

"इकली की साहेब, बाजारात."

"किसको?"

धनगर चाट पडला. साहेब दुसऱ्या दिवशी चार कोस चालत मेंढी घेणाऱ्याच्या गावी गेले, कळपातून तिला शोधून काढलं, पाय बघितला आणि परत येऊन वहीत लिहिलं, 'बरा झाला'. हे ऐकून मी पोट धरून हसले होते. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की पुढे त्याच वहीत मलाही जागा मिळणार आहे.

विसाव्या वर्षी माझं निर्वाण झालं. आमच्यात पुरुषपणाची खूण काढून टाकण्याला निर्वाण म्हणतात. हे करणारी दाई लांबून येते, काम करते आणि निघून जाते. पुढचे चाळीस दिवस अम्माचे. त्या चाळीस दिवसांचे नियम फार कडक. केस विंचरायचे नाहीत. पुरुषाचं तोंड बघायचं नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे आरसा बघायचा नाही. डेऱ्यातले आरसे गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकतात, पितळेची भांडीसुद्धा पालथी घालतात. एकेचाळिसाव्या दिवशी हळद लावून, मेंदी काढून, मातेपुढे, म्हणजे आमच्या देवीपुढे, बसवून आरसा हातात देतात. त्यात दिसते ती नवी बाई. तोवर स्वतःचं तोंड दिसलं तर केलेलं सगळं वाया जातं, अशी आमची पक्की समजूत. डॉक्टरचं तर नावच नको, कारण निर्वाण कायद्याने गुन्हा. दवाखान्यात गेलं की पोलिसांत वर्दी जाणार, हे आम्ही धरूनच चाललेलो.

पाचव्या दिवशी माझी लघवी बंद झाली. जखम आवळत आली होती. सकाळपासून दुपारपर्यंत मी भिंतीला डोकं घासत होते. अम्मा काढे देत होती, शेक देत होती, मातेला हाका मारत होती. मग ती एकदम उठली, डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात दवाखान्याकडे चालू लागली. नियमांसाठी चेल्यांना चिमटे काढणारी अम्मा स्वतःच्या पायांनी नियम मोडायला गेली, हे मला पुढे गुरुबहिणींनी सांगितलं. दवाखान्यात ती टाळी न वाजवता नुसती दारात उभी राहिली म्हणे.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि दोनच प्रश्न विचारले.

"किती दिवस?"

"पाच."

"धार?"

"बंद हाय."

त्यांनी पिशवी उचलली.

आमच्या दारात मात्र अम्मा आडवी आली. "साहेब, चाळीस दिवस तिला मर्दाचं तोंड दिसायचं न्हाई. आन् चष्मा काढा. काचेत तिला तिचं तोंड दिसंल."

मी आत कण्हत पडलेली, पण हे सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता हा सरकारी माणूस दोन शिव्या हासडून निघून जाणार.

"बरोबर," साहेब म्हणाले. "काच म्हणजे आरसाच." त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, डोक्याचा रुमाल सोडून नाकातोंडावर बांधला.

"डोळे बी मर्दाचेच हायत की," अम्मा म्हणाली.

"डोळे पण झाकला तर काम काय कापसाला विचारून करू? अम्मा, तुमचा कायदा मी पाळला. आता माझा कायदा तुमी पाळा. पाणी उकळा, हात धुवा, आणि पाढे चालू असताना बोलू नका."

सबंध पाढे झाले. दोनापासून विसापर्यंत. माझ्या आयुष्यात एवढी लांबलचक गोष्ट दुसरी झाली नाही. मग ते जमिनीवर बसले, जखमेजवळ वीतभर अंतरावर डोळे नेले आणि बारीक रबरी नळीने वाट मोकळी केली. भांड्यात धार पडल्याचा आवाज आला तशी अम्मा खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी मरणार होते आणि मेले नाही, एवढं तेव्हा मला कळलं.

चाळीस दिवस पुरे होईपर्यंत साहेब रोज दुपारी यायचे. दारात चष्मा खिशात जायचा, रुमाल तोंडावर चढायचा. मला दिसायचे ते फक्त हात. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं आणि बोटांना कार्बोलिकचा वास. रोज एकच प्रश्न: "सच बोल. धार कशी?" मी लाजून पहिल्यांदा "ठीक" म्हटलं, तर त्यांनी हातातलं काम थांबवलं. "देवासमोर खोटा बोल, पोलिसासमोर खोटा बोल. माझ्यासमोर न्हाई."

पोलिसाचं ते खरंच बोलत होते. साहेब रोज आमच्याकडे का जायलेत म्हणून एका शिपायाने त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "खोकला." वहीतही तेच लिहिलं. मेंढीचा पायसुद्धा खरा लिहिणाऱ्या माणसाच्या वहीत माझ्यापुढे पस्तीस दिवस खोकला आहे.

एकेचाळिसाव्या दिवशी आरसा मिळाला. नाकात नथ, कपाळाला हळद आणि गालफडं बसलेली. मी रडले. सुंदर दिसत होते म्हणून नाही, काही फार सुंदर नव्हते. पण आरशातली बाई माझ्या ओळखीची होती. लहानपणापासून आत कुठेतरी तिला मी पाहिलेलं होतं, आणि आता ती समोर बसून माझ्याकडे बघत होती.

अम्माच्या लेखी तिथे सगळं संपलं. "चाळीस झाले, बात खतम." साहेबांच्या लेखी ती सुरुवात होती. बेचाळिसाव्या दिवशी ते रस्त्यात उभे राहून ओरडले, "हाजिर!" अम्मा बाहेर आली, हात नाचवून म्हणाली, "बरी झाली पोरगी. आता काय काम हाय तिचं?"

मग ते बाहेरच ओट्यावर बसले आणि आतून मी त्यांना पहिल्यांदाच हळू आवाजात बोलताना ऐकलं. आधीच्या गावी अशीच एक मुलगी होती. चाळीस दिवस झाल्यावर त्यांना बाजारात दिसली. त्यांनी विचारलं, कशी आहेस, तर ती हसून म्हणाली, सब ठीक. लाजेने म्हणाली. वाट हळूहळू बुजत होती. ताप चढला, अंग सुजलं आणि गेली. "मी पण विश्वास ठेवला," साहेब म्हणाले. "तिच्या घरी गेला न्हाई."

दुसऱ्या दिवशी अम्माने मला स्वतः दवाखान्यात नेऊन बसवलं.

त्याआधी मी दवाखान्याची पायरी कधी चढले नव्हते, त्यामुळे तिथे मी साहेबांना ओळखलं नाही. चष्मा लावलेला, उघड्या तोंडाचा कुणी माणूस औषध मोजत बसला होता. मग त्याच्या अंगठ्याचं नख दिसलं. त्यांनीही माझा आवाज ऐकला आणि झटकन चष्मा काढला.

"आता कशाला, साहेब? आरसा पाह्यला की मी."

"तुमच्या कायद्यात बरी झाली. माझ्या कायद्यात न्हाई. सहा महिने नळी लागला न्हाई, की चष्मा घालतो. मग बघ तुझा तोंड माझ्या काचेत."

मला वाटलं, थट्टा करतात. थट्टा नव्हती. पहिलं वर्ष मी दर महिन्याला गेले, पुढे दर दोन महिन्यांनी, आणि प्रत्येक वेळी दारात माझी चाहूल लागली की चष्मा खिशात. वाट बघता बघता कधी तीन महिने निभायचे, कधी चार, मग धार पुन्हा बारीक व्हायची, पुन्हा नळी, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. तपासताना ते वीतभर अंतरावर येत, पण तेव्हा त्यांना दिसायची ती जखम. माझा चेहरा होता हातभर लांब, धूसर. ज्या माणसाने मला सर्वांत जवळून पाहिलं, त्याने माझं तोंड कधी पाहिलं नाही.

आणि मला वेड लागलं. हजेरीच्या दिवशी मी हिरवं लुगडं नेसायची, काजळ घालायची. गुरुबहिणी चिडवायच्या, "त्या आंधळ्यासाठी कशाला एवढं नटायलीस गं?" याला प्रेम म्हणतात का, ते मला नाही सांगता येत. साहेबांची बायको होती, गावी चार लेकरं होती, त्यांच्याबद्दल ते मला रंगून सांगायचे आणि मीही आवडीने ऐकायची. मला त्यांच्याकडून काही नको होतं. फक्त एकदा त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे बघावं आणि म्हणावं, हां, ही ती. या एका गोष्टीची मी जेवढी वाट बघितली, तेवढी आईच्या निरोपाचीही बघितली नाही.

मग राज्यांची वाटणी झाली. परभणी मुंबई राज्यात गेली, निजामाबाद आंध्रात. ज्याची जी बोली, त्याची तिकडे रवानगी. साहेबांचा हुकूम आला, तेव्हा माझे नळीशिवाय पाच महिने होऊन गेले होते. एवढी मजल पूर्वी कधी मारली नव्हती. एक महिना उरला होता. मी मातेला नवस बोलले की हुकूम महिनाभर पुढे ढकल.

हुकूम ढकलला गेला नाही. उलट साहेब निघायच्या दोन दिवस आधी माझी धार बारीक झाली. मी कुणाला सांगितलं नाही. अम्मालाही नाही. मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्या सकाळी पिंगळीच्या स्टेशनावर जत्रा जमली होती. पाटील, म्हाताऱ्या, पट्ट्या बांधलेली माणसं, तो धनगरसुद्धा. साहेब तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत बसले होते, चष्मा लावून, सगळ्यांना उलटसुलट निरोप देत: "पाटील, तू गोळ्या खाल्ली पाहिजे." मी हिरवं लुगडं नेसून, नथ घालून गर्दीतून पुढे झाले. त्यांना लांबून हिरवा रंग दिसला असेल. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि चष्मा खाली आला.

"घाला की आता, साहेब," मी खिडकीशी जाऊन म्हटलं. "जायलात ना तुमी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "पाच महिने, चार दिवस." मग थोडं हसले. "ठीक आहे. बाकीचा माफ. आज घालतो." दोन्ही हातांनी चष्मा कानांपर्यंत नेला आणि तिथेच थांबले. "पण सच बोल. धार कशी?"

एवढा गलबला होता, पण मला तेवढंच ऐकू आलं. 'ठीक' एवढं एक अक्षर बोलायचं होतं. तोंडात आणून ठेवलेलं होतं. त्या जाड काचा माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होत्या, त्यांच्यात आभाळ दिसत होतं, आणि थोडं हिरवं. गार्डाने शिट्टी दिली. त्या चिरलेल्या नखाकडे माझं लक्ष गेलं आणि माझ्याने खोटं बोलवेना.

"बारीक झालीय," मी म्हटलं. "परवापासनं."

ते रागावले नाहीत. चष्मा खिशात घातला. पिशवीतून कागद-पेन्सिल काढली, मांडीवर कागद ठेवून नाक त्याला टेकेल इतकं वाकले आणि लिहू लागले. गाडी हलली. ते लिहीतच होते. मी खिडकीबरोबर चालत होते, मग पळत होते. फलाटाच्या टोकाशी कागद माझ्या हातात आला.

"उद्या परभणी! मोठा दवाखाना! परवा न्हाई, उद्या!"

ते खिडकीतून माझ्याकडे बघत होते, उघड्या डोळ्यांनी, आणि मला ठाऊक होतं की त्यांना फक्त हिरवा रंग दिसतोय. मग तोही दिसेनासा झाला असेल.

चिठ्ठीत मराठीची पार वाट लावलेली होती. 'नळी घातली, जखम सुकली आहेत, पोलीस बोलावू नको.' पण सुरुवातीची दोन वाक्यं बिनचूक होती: 'ही बाई माझी पेशंट आहे. तिला परत पाठवू नये.' परभणीच्या डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि मला आत घेतलं. खोटं बोलले असते तर पंधरा दिवसही काढले नसते, असं ते म्हणाले.

पुढच्याच वर्षी माझे सहा महिने पुरे झाले. त्यानंतर नळी कधी लागली नाही. साहेबांना कळवावं म्हणून कार्ड लिहिलं, पण पत्ता काय घालणार? नुसतं 'कंपौंडरसाहेब, सरकारी दवाखाना, निजामाबाद' असं लिहून टाकलं. उत्तर आलं नाही. पोचलं की नाही, हेही कळलं नाही.

आता पंच्याहत्तरी उलटली. अम्मा गेली, डेरा मी सांभाळते. आताच्या पोरी मोठ्या शहरात जाऊन डॉक्टरकडून ऑपरेशन करून घेतात, राजरोस, कागदावर सही करून. परत येतात तेव्हा पुढच्या तपासणीच्या तारखा छापलेला कागद हातात असतो, आणि मनात तेच असतं की झालं एकदाचं, आता कशाला जायचं. मी त्यांच्या दारात उभी राहून "हाजिर!" म्हणून ओरडते. गाडीत घालून घेऊन जाते. पाणी उकळायला ठेवलं की तेलुगू पाढे म्हणते, मध्ये बोललेलं मला चालत नाही. पोरी म्हणतात, म्हातारी चळली. प्रश्नही तोच विचारते, आणि पोरगी "ठीक" म्हणाली की माझा हात थांबतो.

मलाही आता जाड चष्मा लागतो. चाळीस दिवसांत असलेल्या पोरीजवळ जाताना तो मी दारातच काढून ठेवते. आता कुणी सांगत नाही, नियमही कुणी एवढे पाळत नाही. पण काढला की समोरची पोरगी धूसर होते, आणि तेव्हा मला कळतं की तिकडून मी कशी दिसत असेन.

पिंगळीच्या स्टेशनावर निजामाबादकडची गाडी अजून थांबते. कधी कधी मी फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहते. हिरवं नेसते. हयात असाल तर शंभरी गाठली असेल तुम्ही. सहा महिने केव्हाच होऊन गेले, साहेब. खरं सांगते. आता घाला चष्मा.